पाण्याची पट्टी वाचू या

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला नद्यांची वाण नाही. पूर्वेकडे वर्धा, दक्षिणेकडे पैनगंगा, आणि मध्ये पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा, वाघाडी. पण पाऊस पडतो तो मृगापासून हस्तापर्यंत. वर्षाकाठी सरासरी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच पडून जातो. पुढे आठ महिने आभाळ कोरडे. म्हणून नदी अडवून पाणी साठवावे लागते. पुसदजवळ पूस नदीवर १९७१ साली धरण झाले. दिग्रसजवळ अरुणावतीचे धरण आहे, बाभूळगाव तालुक्यात बेंबळ्याचे. पैनगंगेवर ईसापूरचे मोठे धरण आहे. त्याच्या एका अंगाला पुसद तालुका, दुसऱ्या अंगाला हिंगोली जिल्हा.

ही धरणे बांधली ती शेतीसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी. मासे मागाहून आले. भोई, ढीवर मंडळींच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, त्यात बीज सोडतात, मासे वाढले की धरून विकतात. ठेक्याची रक्कम आधी भरायची. बीजही आधीच विकत आणायचे. पाणी किती दिवस टिकेल ते मात्र मागाहून कळणार. पाणी कालव्यात केव्हा सोडायचे हे पाटबंधारे खाते ठरवते, संस्था नव्हे. म्हणजे पैसा आपला आणि पाण्याची चावी दुसऱ्याच्या हाती, असा हा धंदा आहे.

अशा धंद्यात पाणी केव्हा चढते, केव्हा उतरते आणि किती उतरते, हे ज्याला कळते तो सावध राहतो. हे कळायला फार शाळा लागत नाही. एक ते शंभर आकडे वाचता आले की पुरे.

धरणावर गेलात की पाहा. कालव्याला पाणी सोडायची जी विहीर असते, तिच्या भिंतीला किंवा बांधाच्या उतारावर खांबांना रंगवलेली पट्टी लावलेली असते. तिच्यावर आकडे असतात, मीटरचे मोठे आणि मधल्या सेंटिमीटरच्या बारीक रेघा. पाणी ज्या रेघेला टेकले असेल तो त्या दिवसाचा आकडा. खात्याचा माणूस तो रोज वाचून वर कळवतो. तोच आकडा पुढे हिशेब होऊन वर्तमानपत्रात छापून येतो.

हा आकडा पाहून पुष्कळ लोक चक्रावतात. ईसापूर धरण पूर्ण भरले म्हणजे पट्टीवर ४४१ मीटर दिसते. एकाने आम्हाला विचारले, "गुरुजी, एवढं खोल पाणी हाय काय इथं?" तसे नाही. ४४१ ही पाण्याची खोली नव्हे. समुद्राच्या पाण्याची सरासरी पातळी शून्य धरली, तर तिथून हे पाणी ४४१ मीटर उंचावर आहे, एवढाच त्याचा अर्थ. साऱ्या देशात उंची अशीच मोजतात, म्हणजे एका धरणाचा आकडा दुसऱ्याशी ताडता येतो. आपल्याला खोली हवी असेल तर तळाचा आकडा विचारून घ्यावा आणि वजाबाकी करावी. वजाबाकी तर तुम्ही या वर्गात शिकलाच आहात.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. वर्तमानपत्रात येते, "पूस धरणात ४० टक्के साठा." हे टक्के कशाचे? धरणाच्या पाण्याचे दोन भाग मानतात. कालव्याच्या तोंडाच्या वर जे पाणी असते ते वापरता येते. त्याला उपयुक्त साठा म्हणतात. कालव्याच्या तोंडाखाली जे उरते ते आपोआप बाहेर जात नाही. त्याला मृत साठा म्हणतात. पूस धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ९१ दशलक्ष घनमीटर आहे, अरुणावतीचा सुमारे १७०, बेंबळ्याचा सुमारे १८४ आणि ईसापूरचा सुमारे ९६४. एक घनमीटर म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल अशा हौदातले पाणी, हजार लिटर. असे दहा लाख हौद भरले की एक दशलक्ष घनमीटर. वर्तमानपत्रवाले यालाच थोडक्यात 'दलघमी' लिहितात.

छापलेले टक्के असतात ते उपयुक्त साठ्याचे. तेव्हा शून्य टक्के म्हणजे धरण कोरडे पडले असे नाही. मृत साठा खाली असतो आणि उन्हाळ्यात मासा तिथेच जीव धरून राहतो. नाव मृत, पण मासेमाराला जिवंत ठेवणारे पाणी तेच आहे. मात्र टंचाई फार झाली तर तेही पंप लावून उपसतात, हे ध्यानात असू द्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. पुष्कळांना वाटते, पट्टीवर पाणी निम्म्या खोलीला आले म्हणजे पाणी निम्मे उरले. हा हिशेब साफ चुकीचा आहे. घरी करून पाहा. तेल ओतायचे नरसाळे घ्या. त्याची नळी ओल्या मातीने घट्ट बुजवा. मग निम्म्या उंचीपर्यंत वाटीने पाणी घाला. समजा एक वाटी लागली. आता काठोकाठ भरा. आणखी सुमारे सात वाट्या लागतील! खालच्या निम्म्या उंचीत एक वाटी आणि वरच्या निम्म्या उंचीत सात. कारण नरसाळे वर पसरट आणि खाली निमुळते आहे.

धरणही असेच असते. वर दूरवर पसरलेले, खाली नदीच्या पात्रापुरते अरुंद. अगदी नरसाळ्यासारखे नसले तरी चाल तीच. म्हणून पट्टीवर पाणी निम्म्या खोलीला आले तर साठा निम्म्याहून पुष्कळच कमी झालेला असतो. आणि म्हणूनच दिवाळीनंतर कालवा चालू झाला तरी पाणी फारसे उतरलेले दिसत नाही, आणि होळीनंतर तोच कालवा तेवढाच चालला तरी पाणी भराभर खाली जाते. लोक म्हणतात, "कोणीतरी जास्त पाणी सोडून राह्यलं." दर वेळी तसे नसते. भांडे अरुंद होत गेलेले असते. शिवाय ऊनही पाणी पिते. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या पाण्याची रोज सुमारे एक सेंटिमीटर वाफ होते. महिन्यात फूटभर पाणी कोणी न सोडता जाते.

हे समजले की माशांचे वर्ष समजायला सोपे जाते.

मृगाचा पाऊस पडला, ओढे वाहू लागले की पाणी चढू लागते. पहिले पाणी गढूळ असते. आपल्या तलावात सोडतात ते मुख्य मासे तीन, कटला, रोहू आणि मृगळ. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. हे तिघेही साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून पहिला पूर आला की मोठी मादी धरणाच्या वरच्या टोकाला, जिथे नदी येऊन मिळते तिकडे धावते. त्या वेळी त्या तोंडाशी जाळे लावले की मासे खूप मिळतात. एका रात्रीत टोपलेच्या टोपले. पण तो पोटात लाखो अंडी घेऊन निघालेला मासा असतो. जुनी जाणती मंडळी त्या दिवसांत जाळे वाळत घालत. ज्या संस्था आज ठराव करून ते दिवस पाळतात त्यांचे आम्हाला कौतुक वाटते. ठराव कागदावर ठेवून रात्री जाळी टाकणारेही आम्ही पाहिले आहेत, त्यांच्याविषयी काय लिहावे!

धरणात आपोआप होणारी पैदास पुरत नाही, म्हणून बीज विकत आणून सोडावे लागते. पूर्वी हे बीज पुराच्या दिवसांत नद्यांमधून गाळून आणत. त्यात नको त्या माशांचे बीजही येई. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून पाळलेल्या माशांकडून अंडी घालवून घेतली. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागले. १० जुलै हा दिवस आज देशभर मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात.

अंड्यातून निघालेला अगदी बारीक जीव म्हणजे मत्स्यजिरे. तो बोटाएवढा वाढला की बोटुकली. धरणात सोडायची ती बोटुकलीच. जिरे स्वस्त मिळते म्हणून थेट धरणात ओतले तर ते मरळ आणि इतर मांसखाऊ माशांच्या पोटात जाते. पैसा पाण्यात म्हणतात तो असा.

बोटुकली केव्हा सोडावी? इथे पट्टी पाहावी. धरण भरत असताना, पण सांडवा वाहत असताना नव्हे. सांडव्यावरून पाणी जाऊ लागले की त्याबरोबर मासेही जातात, लहान तर हमखास जातात. २२ जुलै २०२३ ला आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. महागाव तालुक्यात माणसे पुरात अडकली, त्यांना सोडवायला हेलिकॉप्टर मागवावे लागले. असा पूर येतो तेव्हा बोटुकलीचा काय पाड? पोळ्याच्या सुमारास पूर ओसरू लागतात. पट्टी रोज थोडी थोडी चढते आहे किंवा स्थिर आहे, सांडवा थांबला आहे, अशा वेळी सकाळच्या गारव्यात बीज सोडणे चांगले. दरवाज्यांच्या धरणात आणखी एक गोष्ट असते. पाणी आले तरी जुलै-ऑगस्टमध्ये ते काठोकाठ भरत नाहीत. पुढचा पूर सामावायला जागा मोकळी ठेवतात आणि कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची याचा तक्ता ठरलेला असतो. तो तक्ता संस्थेच्या चिटणीसाने खात्याकडे मागून पाहावा.

बीज किती सोडावे, इथे पुष्कळ संस्था फसतात. धरण भरलेले पाहून मन भरते आणि त्या मानाने बीज आणले जाते. समजा एक तलाव भरला म्हणजे ४०० हेक्टर पसरतो आणि जेठ महिन्यात ६० हेक्टरांवर येतो. ४०० हेक्टरांच्या मानाने सोडलेले मासे उन्हाळ्यात ६० हेक्टरांत कसे मावतील? ४०० आणि ६० यांची बेरीज ४६०, तिचे निम्मे २३०. हे झाले सरासरी जलक्षेत्र. बीज याच्या मानाने आणावे. पाऊस कमी झाला असेल तर त्याहूनही कमी.

पाऊस कमी झाला की नाही हे १५ ऑक्टोबरला कळते. त्या तारखेला धरणात किती साठा आहे हे पाहून कालवा सल्लागार समिती रब्बीला पाणी किती पाळ्यांत द्यायचे ते ठरवते. पिण्याचे पाणी आधी राखून ठेवतात, उरलेले शेतीला. मासेमार संस्थेने या बैठकीचा निर्णय समजून घेतलाच पाहिजे. किती पाळ्या, पहिली केव्हा, शेवटची केव्हा. शेवटची पाळी मार्चमध्ये संपणार असेल तर त्याच्या आत मोठा मासा काढून विकायचा, असे तेव्हाच ठरवता येते. आणि पिण्यासाठी राखलेले पाणी जितके जास्त तितका माशाला आधार. शहराच्या नळाचे पाणी आणि आपला मासा यांचे असे नाते आहे.

पाणी उतरू लागले की काठची जमीन उघडी पडते. ओलसर, गाळाची, सुपीक. तिच्यात बुडीत गावांची माणसे हरभरा, गहू, भाजीपाला, टरबूज पेरतात. तिला गाळपेर जमीन म्हणतात. मासेमाराला वाटते, पाणी गेले म्हणजे नुसता तोटा झाला. पण ही जमीन उघडी पडणे माशाच्या फायद्याचेही आहे. ऊन लागून गाळ भाजतो, त्यावर गवत उगवते, गुरे चरतात, शेण पडते. पुढच्या पावसात हे सारे पाण्याखाली जाते, कुजते, आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारे हिरवे जीव वाढतात. बोटुकलीचे पहिले अन्न तेच. बारा महिने एकाच पातळीला राहणाऱ्या पाण्यात हा खुराक इतका होत नाही. मात्र गाळपेर करणाऱ्याने विषारी औषधाची फवारणी केली असेल तर तेही पाण्यात उतरते. दोघांनी बसून बोलावे हे बरे. एकाचे पीक निघते तेव्हा दुसऱ्याचा मासा वाढत असतो, आणि पुष्कळदा दोघे एकाच बुडीत गावचे असतात.

चैत्र-वैशाखात खरी परीक्षा. पाणी थोडे, तेही तापलेले. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. त्यात मासे दाटीने राहिलेले. दिवसा पाण्यातली हिरवी झाडे प्राणवायू सोडतात, रात्री मात्र तीही तो वापरतात. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडून आ आ करू लागले की समजावे, मासा गुदमरतो आहे. तो खेळत नसतो. मरळ वरून हवा घेऊन तग धरते, पण कटला-रोहू आधी मरतात. असे दिसले की त्याच दिवशी मोठा मासा काढायला घ्यावा. दाटी कमी झाली की उरलेले वाचतात. त्या दिवसांत मासा सापडतो सहज, म्हणून बारीक आसाचे जाळे घालून लहानसहान सारे ओढून काढायचा मोह होतो. बाजारात त्याला भावही येत नाही. मोठ्या आसाचे जाळे वापरले तर लहान निसटतो आणि पुढल्या वर्षी किलोच्या आसपास भरतो.

२०१७ साली आपल्याकडे पाऊस कमी झाला. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरवणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही तलाव आटले. शहरात पाण्यासाठी रांगा लागल्या आणि बेंबळ्याचे पाणी शहरात आणण्याची धडपड सुरू झाली. असे वर्ष पुन्हा येणार नाही असे कोण म्हणेल? अशा वर्षी माशासाठी पाणी मागता येत नाही आणि मागूही नये. माणसाची तहान पहिली. पण ऑक्टोबरातच आकडा वाचून ज्याने बीज बेताने टाकले आणि मोठा मासा फेब्रुवारीत काढला, त्याचे नुकसान थोडक्यात आटोपते. ज्याने वाट पाहिली त्याच्या वाट्याला वैशाखात चिखलात तडफडणारा मासा येतो, जो कोणी विकत घेत नाही.

एक भोईदादा आम्हाला म्हणाले, "गुरुजी, आमचा बाप पट्टी पाहत नव्हता. पाण्याचा रंग पाहून सांगे." खरे आहे, आणि तो जाणता माणूस असणार. रंग पाहायचे सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण बापाच्या डोळ्यांनी पाहिलेला रंग बापाबरोबर गेला. वहीत लिहिलेला आकडा मुलाला वाचता येतो, आणि संस्थेच्या सभेत साऱ्यांना दाखवता येतो. खात्याच्या साहेबापुढे "पाणी लवकर उतरलं" असे तोंडी म्हटले तर साहेब ऐकून सोडून देतात. "१२ फेब्रुवारीला पट्टीवर एवढे, २६ फेब्रुवारीला एवढे" असे वही उघडून म्हटले की खुर्ची पुढे सरकते.

वही साधीच असावी. पानावर चार रकाने आखा. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात पट्टीवरचा आकडा, तिसऱ्यात त्या दिवशी निघालेला मासा किती किलो, चौथ्यात काही विशेष दिसले ते. कालवा सुरू झाला, कालवा बंद झाला, सांडवा वाहिला, पहाटे मासा वर आला, अशा दोन-तीन शब्दांत. आठ दिवसांतून एकदा लिहिले तरी चालेल, बाजाराचा दिवस धरला म्हणजे विसरत नाही. पावसाळ्यात आणि चैत्रानंतर मात्र रोज लिहा. पट्टीपाशी जाताना उतारावर शेवाळ असते, पाय जपून टाका. दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजतो. तो ऐकला की खालच्या पात्रात कोणी जाळे लावून बसले असेल त्याला आधी हाक मारा, आकडा मग लिहा.

तीन वर्षांच्या वह्या एकापुढे एक ठेवल्या की कोणत्या आकड्याला मासा चांगला निघतो, कोणत्या आकड्याखाली मरू लागतो, हे तुमच्या तलावापुरते तुम्हाला कळेल. ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही, कारण प्रत्येक तलावाचे भांडे वेगळे. पट्टीवरच्या त्या आकड्यापाशी संस्थेने तांबड्या रंगाची एक खूण करून घ्यावी. अर्थात खात्याची परवानगी घेऊन. मग ज्याला अजून वाचता येत नाही त्यालाही लांबून कळेल, पाणी खुणेला टेकले, आता मोठे जाळे काढा.